रविवारची टोपली

कार्ल मार्क्सवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचे अर्थशास्त्र, एंगल्सशी असलेली मैत्री, त्याचे दारिद्र्य हे सारे आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. पण १८५० ते १८५६ या काळात कार्ल आणि जेनी हे लंडनमध्ये राहणारे एक परदेशी, लेकुरवाळे जोडपे होते, ही गोष्ट चरित्रांमध्ये ओघात येते आणि ओघातच निघून जाते. १८५० साली तो ३२ वर्षांचा होता, ती ३६ वर्षांची. पदरात लहान मुले, खिशात पैसा नाही, भाषा पुरती बसलेली नाही आणि जवळ आई-वडील, सासू-सासरे कोणी नाही. अशा स्थितीत या जोडप्याला संध्याकाळ मोकळी कशी मिळाली, सुटीचा दिवस कसा साजरा करता आला आणि तो साजरा व्हावा म्हणून कोणी काय किंमत दिली, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. तीस वर्षे एका सहकारी पतपेढीत खतावण्या लिहिल्या आणि उरलेल्या वेळात जमेल तसे वाचत गेलो. त्यामुळे कोणाचेही चरित्र हाती घेतले की नजर आधी जमाखर्चाकडे जाते. घरात पैसा कुठून आला, कुठे गेला, आणि घर चालायला जे लागले त्यातले काय वहीत चढलेच नाही, हे पाहायची सवय लागली आहे. मार्क्सच्या घराचा हिशेब मी त्याच नजरेने पाहिला.

दोन खोल्या

ऑगस्ट १८४९ मध्ये पॅरिसहून हद्दपारी झाल्यावर मार्क्स लंडनला आला. जेनी सप्टेंबरमध्ये तीन मुलांना घेऊन मागोमाग पोचली आणि चौथ्या बाळंतपणाला दोन महिनेही उरले नव्हते. ५ नोव्हेंबरला मुलगा झाला. तो दिवस इंग्लंडमध्ये गाय फॉक्सचा, म्हणजे शेकोट्या आणि फटाक्यांचा. बाहेर दारूकाम चालू असताना जन्मलेल्या या गिडोला घरच्यांनी 'फॉक्सी' हे लाडाचे नाव दिले.

पुढच्याच वसंतात चेल्सीतल्या घरातून त्यांना भाडे थकल्यामुळे बाहेर पडावे लागले. जप्तीवाल्यांनी बिछाने, कपडे, बाळाचा पाळणा आणि मुलींची बरी खेळणीसुद्धा ताब्यात घेतली, असे जेनीने मे १८५० मधल्या एका पत्रात लिहून ठेवले आहे. इकडेतिकडे दिवस काढून हे कुटुंब सोहो भागात, डीन स्ट्रीटवर आले आणि शेवटी २८ क्रमांकाच्या घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत स्थिरावले. १८५६ च्या शरदापर्यंत ते तिथेच होते.

सोहो म्हणजे त्या काळी युरोपभरच्या परागंदा लोकांची वस्ती. भाडे परवडणारे, दारात सगळ्या भाषा, आणि दाटी विलक्षण. १८५४ च्या उन्हाळ्याअखेर जवळच्याच ब्रॉड स्ट्रीटच्या पाणपंपामुळे पटकीची साथ उसळली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी पाण्यातून पटकी पसरते हे दाखवून दिले, ते याच साथीच्या आधारे.

या दोन खोल्यांत आई, बाप, मुले आणि हेलेन डेमुट एवढी माणसे राहत. हेलेनला घरात सगळे लेंखेन म्हणत. १८२० मध्ये जन्मलेली ही मुलगी जेनीच्या माहेरी, ट्रियरच्या वेस्टफालेन घराण्यात कामाला लागली. १८४५ मध्ये मार्क्स कुटुंब ब्रुसेल्सला असताना जेनीच्या आईने तिला लेकीच्या मदतीला पाठवले आणि ती कायमची त्यांच्याबरोबर राहिली. या लेखात तिचे नाव पुन्हा पुन्हा येणार आहे.

वहीत काय होते

आता जमेची बाजू. न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून या वृत्तपत्रासाठी मार्क्स लिहू लागला. एका लेखाला सुरुवातीला एक पौंड, पुढे दोन. मँचेस्टरला बापाच्या कारखान्याच्या कचेरीत नोकरी धरलेला एंगल्स मदत पाठवी. टपालात चोरी होऊ नये म्हणून तो नोट मधोमध कापून दोन पाकिटांतून धाडी. एक अर्धा आला की दुसऱ्याची वाट पाहायची. पतपेढीतल्या माणसाला हा तपशील विसरता येत नाही.

खर्चाच्या बाजूला वाणी, खाटीक, घरमालक, आणि गहाणवटीचे दुकान. फेब्रुवारी १८५२ मधल्या एका पत्रात मार्क्स एंगल्सला कळवतो की आठवडा झाला, अंगावरचे कोट गहाण असल्यामुळे घराबाहेर पडता येत नाही. संध्याकाळी फिरायला जाण्यासाठी आधी कोट सोडवून आणावा लागतो, ही गोष्ट श्रीमंतांच्या चरित्रात वाचायला मिळत नाही.

आपल्याशी थेट संबंध असलेला एक भाग इथे सांगायला हवा. १८५३ च्या जून ते ऑगस्टमध्ये ट्रिब्यूनमध्ये आलेले भारतावरचे मार्क्सचे लेख, ज्यांवर आपल्याकडे आजही वाद होतात, ते याच बिऱ्हाडातून लिहिले गेले. इंग्रजी राजवटीने खेड्यांची जुनी घडी कशी मोडली, रेल्वेमुळे पुढे काय होईल, यांवर लिहिणाऱ्याच्या खोलीत मुले खेळत होती. धाकटी मुलगी एलिनॉर हिने घरात ऐकलेली आठवण लिहिली आहे. बाप टेबलाशी लिहीत बसला की मुले त्याच्या मागे खुर्च्यांची गाडी करत, त्याला घोडा म्हणून जुंपत आणि चाबूक मारत. १८५१-५२ च्या हिवाळ्यातल्या 'अठरावी ब्रूमेअर' या प्रसिद्ध पुस्तिकेची काही प्रकरणे घोडा असतानाच लिहिली गेली, असे ती सांगते. त्याची हस्ताक्षरे कोणाला लागत नसत, म्हणून लेखांची सुवाच्य नक्कल जेनी करी. त्या लहानशा खोलीत नक्कल करण्यात गेलेले दिवस आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या दिवसांपैकी होते, असे तिने पुढे नमूद केले. वाचकांनी हे वाक्य दारिद्र्याच्या वर्णनाशेजारी ठेवून वाचावे. दोन्ही खरी आहेत.

माळावरचा रविवार

आठवड्याचे सहा दिवस मार्क्सला ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय होते. जून १८५० मध्ये त्याला तिथला परवाना मिळाला आणि त्याचा दिवस तिथे जाऊ लागला. रविवारी मात्र ते बंद. म्युझियम रविवारी लोकांसाठी उघडायला १८९६ साल उजाडावे लागले. तेव्हा रविवारी बाप घरी असणार हे मुलांना ठाऊक असे, आणि हवा बरी असली की सगळे हॅम्पस्टेड हीथला निघत.

या सहलींचे सर्वांत चांगले वर्णन विल्हेल्म लीबक्नेश्त याने केले आहे. तोही जर्मनीतून परागंदा झालेला, पंचविशीतला, आणि या घरात दिवसभर पडलेला असे. १८९६ मध्ये त्याने मार्क्सच्या आठवणींचे छोटे पुस्तक काढले. त्यात तो सांगतो की डीन स्ट्रीटवरून सकाळी अकराच्या सुमाराला निघायचे, चाल सव्वा तासाची. (मुलीकडे गेलो असताना हा रस्ता मी एकदा चाललो. मला पावणेदोन तास लागले. चढ बराच आहे.) पुढे लीबक्नेश्त दोन्ही मुलींना गोष्टी सांगत, फुले वेचत. त्याच्यामागे कोणी मित्र. मग मार्क्स आणि जेनी, बरोबर एखादा खास पाहुणा. आणि सर्वांत शेवटी हेलेन, सोबत पाहुण्यांतला सर्वांत भुकेला माणूस, कारण तोच टोपली धरायला मदत करी.

ही टोपली लंडनमध्ये सहसा पाहायला न मिळणाऱ्या आकाराची होती. हेलेनने ती थेट ट्रियरहून जपून आणली होती. जप्ती, हद्दपारी, तीन देशांतली बिऱ्हाडे, एवढ्यातून ती टिकली. तिच्यात वासराच्या मांसाचा भाजलेला मोठा तुकडा, चहा-साखर आणि कधी फळे असत. पाव, चीज, बीअर माळावरच्या जॅक स्ट्रॉज कॅसल या गुत्त्यातून घ्यायची. जेवण झाले की कोणी आडवे व्हायचे, कोणी वाटेत घेतलेले रविवारचे वर्तमानपत्र उघडायचे. मुलांना माळावर सवंगडी मिळत. मग कुस्ती, पळापळी. एकदा पिकलेल्या चेस्टनटचे झाड दिसले आणि सगळ्यांनी दगड मारमारून फळे पाडली. मार्क्सने एवढा जोर लावला की पुढे आठ दिवस त्याचा उजवा हात उचलेना. भाड्याच्या गाढवांवर बसणे हा आणखी एक सोहळा. मार्क्सला त्यात गती नव्हती, पण उत्साह दांडगा.

संध्याकाळी परतताना गाणी. राजकीय गाणी क्वचितच, बहुधा लोकगीते. मार्क्सला दान्ते आणि गटे पाठ, जेनीला शेक्सपिअर. लीबक्नेश्त आणखी एक गोष्ट सांगतो ती मला महत्त्वाची वाटते. परतीच्या वाटेवर राजकारण आणि परागंदांची दुःखे हे दोन विषय वर्ज्य होते. ज्यांच्या आयुष्यात त्या दोन गोष्टींखेरीज फारसे काही उरले नव्हते, त्यांनी आठवड्यातून काही तास त्यांना हद्दपार केले होते. मुले पुढचा सबंध आठवडा त्या सहलीबद्दल बोलत.

या रविवारांच्या आतबाहेर मृत्यू होते. फॉक्सी नोव्हेंबर १८५० मध्ये गेला. मार्च १८५१ मध्ये जन्मलेली फ्रान्सिस्का एप्रिल १८५२ मध्ये गेली. तिच्या शवपेटीला पैसे नव्हते, शेजारच्या एका फ्रेंच परागंदाने दोन पौंड दिले. आठ वर्षांचा एडगर, सगळ्यांचा लाडका मुश, ६ एप्रिल १८५५ ला बापाच्या मांडीवर गेला. तिन्ही मुलांना टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या व्हाइटफिल्ड चॅपेलच्या आवारात पुरले. सोहोतून उत्तरेला हॅम्पस्टेडच्या दिशेने जाणारा तोच रस्ता.

माळ कोणी राखला

सुटीचा दिवस आणि मोकळी जागा या निसर्गाने दिलेल्या गोष्टी नाहीत. हॅम्पस्टेडचा माळ हे एका जमीनदार घराण्याचे वतन होते, आसपासच्या लोकांचे त्यावर वापराचे हक्क होते. सर टॉमस मेरियन विल्सन हे जमीनदार १८२९ पासून तिथे घरे बांधण्याची परवानगी पार्लमेंटकडे मागत राहिले, आणि लोक विरोध करत राहिले. १८६९ मध्ये ते वारल्यावर दोन वर्षांनी, १८७१ च्या कायद्याने, हा माळ सार्वजनिक झाला. म्हणजे मार्क्सच्या मुलींनी ज्या गवतावर फुले वेचली त्यावर बंगले उभे राहणे तेव्हा अगदी शक्य होते.

रविवारचेही तसेच. १८५४ च्या एका कायद्याने रविवारी दुपारी अडीच ते सहा आणि रात्री दहानंतर गुत्ते बंद केले. १८५५ मध्ये लॉर्ड रॉबर्ट ग्रोव्हनर यांनी रविवारी दुकाने बंद ठेवण्याचे विधेयक आणले. मजुरांना पगार शनिवारी रात्री मिळे. बाजार करायला त्यांच्याजवळ रविवार सकाळच असे. श्रीमंतांचे क्लब आणि बग्ग्या मात्र चालू राहणार होत्या. २४ जून १८५५ च्या रविवारी हाइड पार्कमध्ये हजारो लोक जमले आणि बग्ग्यांतून मिरवणाऱ्यांना त्यांनी हुर्यो उडवून जेरीस आणले. पुढच्या रविवारी, १ जुलैला, त्याहून मोठा जमाव आला, पोलिसांनी दंडुके चालवले, आणि विधेयक मागे घेण्यात आले. मार्क्स तिथे हजर होता आणि त्याने जर्मनीतल्या एका वृत्तपत्राला त्याचा वृत्तान्त पाठवला. मुशला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते.

आपल्याकडेही रविवार झगडूनच मिळाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातली पहिली मागणी होती रविवारची पूर्ण सुटी. ती १० जून १८९० ला मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दा लोखंड्यांनी त्यासाठी मांडला होता, असे सांगितले जाते. पण लालबाग-परळच्या खोल्यांत राहणाऱ्या कितीतरी कोकण्या-घाट्यांची बायकामुले गावी होती. मुंबई त्यांच्यासाठी परमुलूखच. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. त्यांना रविवार मिळाला, पण ज्यांना घेऊन राणीच्या बागेत जावे ती माणसे बोटीच्या किंवा गाडीच्या अंतरावर होती. मार्क्सच्या घराची तुलना इथे उपयोगी पडते. मोकळा दिवस आणि मोकळी जागा यांच्या जोडीला कुटुंब एकत्र असावे लागते, आणि परक्या गावात कुटुंब एकत्र ठेवायला घरात आणखी दोन हात लागतात.

संध्याकाळी कोण बाहेर पडे

मार्क्सच्या संध्याकाळींच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. टॉटनहॅम कोर्ट रोडवर ओळीने जेवढे गुत्ते लागतील त्या प्रत्येकात थांबायचे असा पण करून तो, लीबक्नेश्त आणि एडगर बाउअर निघाले, आणि रात्री रस्त्यावरचे दिवे दगड मारून फोडत पोलिसांपुढे पळाले, ही गोष्ट लीबक्नेश्तनेच सांगितली आहे. बुद्धिबळाचीही एक गोष्ट आहे. हरला की मार्क्स एवढा चिडचिड करी की जेनीने हेलेनकरवी लीबक्नेश्तला निरोप धाडला, संध्याकाळी याच्याशी बुद्धिबळ खेळू नका.

जेनीच्या संध्याकाळींबद्दल मात्र चरित्रकार फारसे लिहीत नाहीत. तिने स्वतः लिहिले आहे. १८५६ मध्ये तिला वारसाहक्काने थोडा पैसा मिळाला आणि ऑक्टोबरमध्ये कुटुंब उत्तरेकडच्या ग्रॅफ्टन टेरेस या नव्या वस्तीत गेले. आख्खे घर, स्वच्छ हवा, माळही जवळ. आजच्या भाषेत, प्रगती. पण १८६५ च्या सुमाराला लिहिलेल्या आत्मवृत्तात जेनी सांगते की तिथे तिला एकटे वाटू लागले. रस्ते अर्धवट, चिखलाचे, अंधारात घरी येणे नको वाटे. वेस्ट एंडच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून लांबवर फिरणे, सभा, क्लब, आवडता गुत्ता आणि तिथल्या घरगुती गप्पा यांची तिला आठवण येई.

हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. डीन स्ट्रीट म्हणजे तीन मुले गमावलेले घर. तरी त्या काळातून तिला आठवते ते संध्याकाळचे फिरणे. म्हणजे ती फिरत होती. लहान मुलांची आई संध्याकाळी सभेला, गुत्त्यावर जात होती. त्या काळच्या किती मध्यमवर्गीय बायकांना हे साधत असेल? आणि तिला ते साधत होते, तर त्या वेळी मुलांजवळ कोण बसत होते?

या प्रश्नाचे उत्तर घरात एकच होते.

वहीत नसलेले नाव

हेलेनला पगार बहुधा मिळतच नसे, कारण द्यायला नसे. ती स्वयंपाक करी, कपडे शिवी, मुलांना न्हाऊ घाली, चांदीची भांडी गहाणवटीच्या दुकानात नेई आणि सोडवून आणी. तिला नुसती राबणारी बाई समजणे मात्र चूक ठरेल. लीबक्नेश्तच्या मते घरात सत्ता तिचीच होती, आणि बाकी कोणापुढे न वाकणारा मार्क्स तिच्यापुढे निमूट राही. बुद्धिबळात ती त्याला हरवतही असे.

२३ जून १८५१ ला २८ डीन स्ट्रीटमध्येच हेलेनला मुलगा झाला. फ्रान्सिस्का तेव्हा तीन महिन्यांची होती. दोन खोल्यांत दोन तान्ही बाळे. नोंदणीच्या कागदावर बापाचे नाव कोरे आहे. तो बाप कार्ल मार्क्स, असे बहुतेक चरित्रकार मानतात, काही अभ्यासक पुराव्याबद्दल शंका घेतात. त्या वादाचा निकाल या लेखापुरता लागला नाही तरी चालेल. कारण एका गोष्टीबद्दल वाद नाही. फ्रेडरिक नावाचे ते मूल पूर्व लंडनमधल्या लुईस नावाच्या कामगार कुटुंबाकडे वाढायला दिले गेले, आणि हेलेन डीन स्ट्रीटला राहिली.

आता हॅम्पस्टेडच्या वाटेवरची ती रांग पुन्हा पाहा. पुढे मुली, मधे आई-बाप, मागे टोपली घेतलेली हेलेन. रांगेतल्या प्रत्येक मुलाला ती न्हाऊमाखू घालून घेऊन निघालेली आहे. तिचे स्वतःचे मूल त्याच शहरात दुसऱ्याच्या घरी आहे. लीबक्नेश्तच्या आनंदी वर्णनात याचा उल्लेख नाही. त्याला ठाऊक नसेल किंवा त्याने लिहिले नसेल. पण वर्णन त्यामुळे खोटे ठरत नाही. त्या माळावर सगळे खरोखरच आनंदात होते, हेलेनही असेल. एवढेच की हा आनंद ज्याच्या खात्यातून वळता झाला त्याचे नाव खतावणीत नव्हते.

फ्रेडरिक पुढे कारागीर झाला, यंत्रकाम करी, कामगार संघटनेत होता. मार्क्स १८८३ मध्ये वारल्यावर हेलेन एंगल्सचे घर सांभाळायला गेली आणि फ्रेडरिक तिला भेटायला तिथे येऊ लागला. एलिनॉरशी त्याची शेवटपर्यंत मैत्री राहिली. हेलेन ४ नोव्हेंबर १८९० ला वारली. तिला हायगेटच्या दफनभूमीत कार्ल आणि जेनीच्या थडग्यातच पुरले, दगडावर तिचेही नाव आहे. तिने आपली सगळी पुंजी, ९५ पौंड, फ्रेडरिकच्या नावे केली होती. आयुष्यभर दुसऱ्याचा संसार सांभाळलेल्या बाईच्या हिशेबात मुलाचे नाव शेवटच्या ओळीत का होईना, तिने स्वतः चढवले.

आजच्या वाचकासाठी

डीन स्ट्रीटच्या त्या घराच्या तळमजल्यावर आज क्वो वादिस हे नावाजलेले उपाहारगृह आहे. १९२६ पासून ते चालू आहे. वर भिंतीवर मार्क्सच्या नावाची निळी पाटी. संध्याकाळी तिथे जोडपी जेवायला येतात. कोणी आपले मूल घरी कोणाजवळ तरी ठेवून आलेले असते.

हे वाक्य मी सहज लिहिलेले नाही. माझी मुलगी आणि जावई लंडनच्या बाहेरच्या एका उपनगरात राहतात. नातू झाला तेव्हा मी आणि पत्नी सहा महिन्यांच्या व्हिसावर तिथे होतो. शुक्रवारी संध्याकाळी मुलगी तयार होऊन खाली आली की म्हणायची, "आई, बाबा, दहापर्यंत येतो." आम्ही दार लावून घ्यायचो. नातू झोपला की पत्नी स्वयंपाकघर आवरायची आणि मी मार्क्सचे चरित्र उघडायचो. आमचे सहा महिने संपल्यावर जावयाचे आई-वडील सहा महिन्यांसाठी गेले. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच पाळी लागलेली असेल. ज्यांचे आई-वडील जाऊ शकत नाहीत ते तासावर पैसे देऊन मुलगी बोलावतात. ती मुलगीही बहुधा दुसऱ्याच देशातून आलेली असते, आणि तिचे मूल कधी कधी तिच्या गावी असते.

यात आम्ही कोणी हेलेन झालो, असे मला म्हणायचे नाही. आम्ही आपखुशीने गेलो, आमचे घर इथे होते, परतीचे तिकीट हातात होते आणि नातू आमचाच होता. तिच्याकडे यातले काही नव्हते. आणि मुलांनी संध्याकाळी बाहेर पडू नये असेही मला म्हणायचे नाही. परक्या देशात लहान मूल वाढवणाऱ्या जोडप्याला ती संध्याकाळ औषधासारखी लागते, हे जेनीच्या आठवणीवरून मला पटले आहे. माझे म्हणणे नोंदीपुरते आहे. परदेशी गेलेल्या मराठी माणसांची आत्मचरित्रे आता पुष्कळ निघतात. त्यांत पहिली नोकरी असते, पहिली गाडी असते, बर्फ असतो, सहलींचे फोटो असतात. ते फोटो काढले जात असताना टोपली कोणाच्या हातात होती, हे फार थोड्यांनी लिहिले आहे.

ज्या आजी-आजोबांनी असे सहा-सहा महिने काढले आहेत, त्यांनी ते लिहून ठेवावेत, असे मला सुचवायचे आहे. भाषा कशी बसली, दुपार कशी काढली, नातवाला कोणत्या गोष्टी सांगितल्या, दार लावून घेतल्यावर काय वाटले. ज्यांना घरी मदतनीस ठेवता आली त्यांनी तिचे नाव, तिचे गाव आणि तिला दिलेला पगार लिहावा. पानभर मजकूर झाला तरी पुरे. हेलेनने स्वतः लिहिलेले असे एक पान आपल्याजवळ असते, तर त्या माळावरच्या रविवाराचा इतिहास आज वेगळा वाचला गेला असता.